कोलेस्टेरॉल ११२, तरीही धाप

लॅबच्या रिपोर्टात सगळ्यात जास्त वाचला जातो तो शेवटचा रकाना. आपला आकडा आणि त्याच्या शेजारी छापलेली ‘नॉर्मल रेंज’ यांचं जुळलं की माणूस कागदाची घडी खिशात घालतो आणि समोरच्या टपरीवर चहा सांगतो. त्याचं काही चुकत नाही. तो रकाना त्यासाठीच छापलेला असतो. पण काही माणसांचा विचार तो रकाना ठरवताना कुणी केलेलाच नसतो. सिकलसेलचे रुग्ण त्यांतले.

मी लॅब टेक्निशियन. माहेर भंडारा जिल्ह्यातलं, लाखांदूरकडचं. सासर भोर तालुक्यातलं भोंगवली. डीएमएलटी नागपुरात केलं, पहिली नोकरी गडचिरोली जिल्ह्यात केली आणि लग्नानंतर इकडे रक्तं तपासू लागले. झाडीपट्टीतली सून आली म्हणून सुरुवातीला घरी येणारी-जाणारी प्रत्येक बाई एकच विचारायची, ‘तुमच्याकडं म्हणं वाघ दारात येतो?’ येतो की. पण आमच्याकडे वाघापेक्षा जास्त घरं ज्यानं टेकीला आणलीत, त्या सिकलबद्दल इकडे कुणी कधी विचारलं नाही. ऐकलेलंच नसेल तर विचारणार काय?

आता मात्र विचारायची वेळ आली आहे. नीरा नदी ओलांडली की शिरवळ, पुण्याच्या बाजूला खेड-शिवापूर. दोन्हीकडे कंपन्या. त्यांत गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीची पोरं चार-चार जण मिळून खोली घेऊन राहतात. ऊसतोडीला येणाऱ्यांत नंदुरबार-धुळ्याकडची माणसं असतात. हे सगळे सिकलसेलच्या पट्ट्यातले जिल्हे. ही माणसं तापानं, अंगदुखीनं, कंपनीच्या मेडिकलसाठी आमच्याकडे येतात आणि त्यांचं रक्त आमच्या टेबलावर येतं.

असाच एक कुरखेड्याकडचा मुलगा आला होता. वय पंचविशीच्या आत, अंगानं किडकिडीत, डोळे पिवळसर. बोलला आणि मला माहेर भेटलं. लिपिड प्रोफाइल आधीच करून झालं होतं, तो कागद माझ्यापुढे धरून म्हणाला, ‘पाहा न जी ताई. डॉक्टर म्हणे हार्ट एकदम मस्त हाय. मंग जिना चढलो का धाप कायले लागते?’

कागदावर होतं : एकूण कोलेस्टेरॉल ११२, ट्रायग्लिसराइड्स १६५, एचडीएल ३१, एलडीएल ४८. ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते एलडीएल इतकं कमी, की हृदयाचा झटका येऊन गेलेली माणसं गोळ्या खाऊन तिथवर पोचायचा प्रयत्न करतात. दोन आकड्यांपुढे मशीननं खूण केली होती, ट्रायग्लिसराइड्स जरा वर आणि ‘चांगलं’ म्हणतात ते एचडीएल खाली. पण कोलेस्टेरॉल ११२ आहे म्हटल्यावर त्या खुणांकडे कोण बघतो? त्याच्या पाकिटात दुमडून दुमडून मऊ झालेलं लाल कार्ड होतं. महाराष्ट्राच्या सिकलसेल कार्यक्रमात वाहकाला पिवळं कार्ड मिळतं आणि रुग्णाला लाल. कंपनीच्या मेडिकलला त्यानं ते दाखवलं नव्हतं. ‘दाखवलं तर ठेवतील का जी कामावर?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिल्या प्रश्नाला मात्र होतं, आणि हा लेख त्याबद्दलच आहे.

एका अक्षराची चूक

सिकलसेल जंतूंनी होत नाही, शिवल्यानं लागत नाही. तो आईबापांकडून येतो. आपल्या लाल पेशींत हिमोग्लोबिन असतं. त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिड असायला हवं, तिथे व्हॅलिन बसतं. एवढाच फरक. पण त्यामुळे प्राणवायू सोडून दिल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून कांड्या करतं आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. बारीक केशवाहिन्यांत अशा पेशी अडकल्या की पुढचा भाग उपाशी राहतो. हाडं फुटल्यागत दुखतात ती त्यामुळे.

१९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात अशा पेशींची नोंद केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दाखवून दिलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत तो सापडला, आणि नागपुरातून शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. म्हणजे विदर्भाला हा पाहुणा नवा नाही. आमच्या तिकडे शाळेतली पोरंसुद्धा ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ असं बोलतात. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक.

पहिली चाचणी अगदी साधी आहे. चाचणीच्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, काही मिनिटं थांबायचं आणि काळ्या रेघा ओढलेल्या पांढऱ्या कागदासमोर नळी धरायची. नळीतून रेघा दिसल्या तर सिकलचं हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर आहे. पण तो वाहक की रुग्ण, हे ही नळी सांगत नाही. त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. गढूळ नळी पाहून ‘तुम्हाला सिकल झाला’ असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबून पुढची तपासणी मागायची.

चरबी गेली कुठे?

आता त्या ११२ कडे येऊ. सिकलसेलच्या रुग्णात एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल कमी असणं हा अपघात नाही. देशोदेशी हेच दिसलं आहे : कोलेस्टेरॉल खाली, एलडीएल खाली, एचडीएल बहुधा खाली आणि ट्रायग्लिसराइड्स मात्र बऱ्याच जणांत वर.

कोलेस्टेरॉल म्हणजे नुसता कचरा, अशी आपली समजूत जाहिरातींनी करून दिली आहे. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणाला कोलेस्टेरॉल लागतं. लाल पेशीला ते स्वतः बनवता येत नाही. तिला रक्तातूनच मिळतं. निरोगी माणसाची लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलच्या रुग्णात ती १० ते २० दिवसांत फुटते. निरोगी माणसाच्या हाडांतली मज्जासुद्धा दर सेकंदाला वीस लाखांच्या वर लाल पेशी तयार करते. सिकलमध्ये तोटा भरून काढायला तिला याच्या कित्येक पट राबावं लागतं, आणि प्रत्येक नव्या पेशीच्या आवरणाला कोलेस्टेरॉल हवंच. रक्तातलं कोलेस्टेरॉल तिकडे ओढलं जातं. शिवाय जुनाट अ‍ॅनिमियात रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, त्यामुळेही आकडा पातळ होतो. थॅलेसेमियात आणि इतर दीर्घकाळच्या अ‍ॅनिमियातही कोलेस्टेरॉल असंच उतरलेलं दिसतं.

म्हणजे त्या मुलाचं ११२ हे त्याच्या चांगल्या खाण्याचं बक्षीस नव्हतं. त्याच्या लाल पेशी किती झपाट्यानं फुटताहेत आणि मज्जा किती राबते आहे, हे तो आकडा सांगत होता. रिपोर्टात ज्याला शाबासकी मिळाली ती खरं तर आजाराचीच एक खूण होती.

त्याची नळी सेंट्रिफ्यूजमधून काढली तेव्हा हे डोळ्यांनीही दिसलं. खाली लाल पेशींचा थर नेहमीच्या निम्माही नव्हता आणि वरचं सिरम गर्द पिवळं, हळद कालवल्यासारखं. पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन बाहेर पडतं, त्याचं बिलिरुबिन होतं, तोच हा पिवळा रंग. डोळे पिवळे दिसतात तेही यानंच. आमच्याकडे कित्येक घरांत अशा पोराला कावीळ झाली म्हणून झाडपाल्याचं औषध देत राहतात आणि पोरगं मोठं होईपर्यंत पिवळंच राहतं.

इथे लॅबची एक खाचखोच सांगते. कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या किटमध्ये शेवटी गुलाबी रंग येतो; रंग जितका गडद तितका आकडा मोठा. सिरममध्ये बिलिरुबिन फार असेल तर तो रंग दबतो आणि आकडा आहे त्याहून कमी येऊ शकतो. दुसरं, एलडीएल आम्ही बहुतेक वेळा मोजतच नाही, वजाबाकीनं काढतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा. ११२ वजा ३१ वजा ३३, उरले ४८. वरचा एक आकडा हलला की खालचा हलणारच. म्हणून सॅम्पल पाठवताना चिठ्ठीवर ‘सिकलसेल रुग्ण’ एवढं लिहिलेलं असलं तरी तपासणारा सावध होतो.

मग काळजाला धोका कुठून?

आपल्या डोक्यात हृदयविकाराचं एक ठरलेलं चित्र आहे : तेलकट खाणं, पोट सुटलेलं, हृदयाच्या कोरोनरी नळ्यांत चरबीची गाठ, ब्लॉकेज, स्टेंट. सिकलमधलं हृदय त्या चित्रात बसत नाही. लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये सिकलसेल रुग्णांच्या ७२ हृदयांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष छापले. त्यांतल्या ७ हृदयांत झटका येऊन गेल्याच्या खुणा होत्या. पण कोरोनरीत चरबीनं झालेला अडथळा एकाही ठिकाणी नव्हता. मोठ्या नळ्या मोकळ्या, तरी स्नायू मेलेला. दोष होता तो त्या पुढच्या, अँजिओग्राफीत न दिसणाऱ्या बारीक वाहिन्यांत. म्हणून सिकलच्या रुग्णाच्या छातीत दुखलं आणि ‘ब्लॉकेज नाही’ असं कळलं, तर तेवढ्यानं प्रश्न मिटत नाही.

धोक्याच्या मुळाशी आहे ते फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेलं हिमोग्लोबिन. रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं. त्यानं वाहिनी सैल आणि रुंद राहते. मोकळं सुटलेलं हिमोग्लोबिन हा वायू गिळून टाकतं. शिवाय फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारं एक एन्झाइम, आर्जिनेज, तो वायू ज्या कच्च्या मालातून बनतो तोच संपवतं. वाहिन्या आखडतात, आणि फुप्फुसांतल्या वाहिन्यांवर याचा मार जास्त बसतो. तिथला दाब वाढला की हृदयाच्या उजव्या कप्प्याला जोर लावावा लागतो. जिना चढताना धाप लागते ती कधी कधी इथून.

२००४ मध्ये अमेरिकेत १९५ प्रौढ सिकल रुग्णांची इको तपासणी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. सुमारे ३२ टक्क्यांत फुप्फुसातला दाब वाढला असावा असं सुचवणारं माप सापडलं आणि त्या गटात मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. पुढे २०११ मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासानं याला नेमकेपणा दिला. ३९८ रुग्णांपैकी इकोत शंका आली २७ टक्क्यांबाबत, पण हृदयात कॅथेटर घालून मोजल्यावर पक्का दाब निघाला ६ टक्क्यांतच. म्हणजे इकोतला आकडा वर दिसला की लगेच हाय खायची नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही.

याच्या जोडीला दुसरा ताण असतो. हिमोग्लोबिन सात-आठवर असलेल्या माणसाच्या शरीराला तेवढाच प्राणवायू पोचवायचा तर हृदयाला जास्त रक्त फेकावं लागतं, दिवसरात्र, लहानपणापासून. वर्षानुवर्षं असं राबून डावा कप्पा मोठा होतो, त्याची सैल पडण्याची ताकद कमी होते. वारंवार रक्त चढवावं लागलं असेल तर लोह साठतं, तेही हृदयाला आणि यकृताला भोवतं.

आणि आता ट्रायग्लिसराइड्स. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की सिकलच्या ज्या रुग्णांत ट्रायग्लिसराइड्स जास्त, त्यांच्यात पेशी फुटण्याच्या खुणा जास्त, वाहिन्यांचं अस्तर जास्त बिघडलेलं आणि फुप्फुसातल्या वाढलेल्या दाबाशीही त्याचा संबंध. एचडीएलचा मुख्य घटक असलेलं प्रथिन अशा रुग्णांत कमी आढळल्याचंही त्याआधी दिसलं होतं. ट्रायग्लिसराइड्स वाढल्यानं दाब वाढतो की दोन्ही एकाच बिघाडाची पोरं, हा वेगळा प्रश्न. पण घरच्या माणसानं लक्षात ठेवायचं ते एवढंच की त्या कागदावर धापेबद्दल बोलणारा आकडा ११२ नव्हता, १६५ होता.

चरबीचा आणखी एक खेळ या आजारात आहे. हाडांतल्या मज्जेचा रक्तपुरवठा तुटला की मज्जेचा भाग मरतो आणि तिच्यातली चरबी रक्तातून फुप्फुसात जाऊन अडकते. छातीत दुखणं, ताप, खोकला, दम लागणं हे एकत्र आलं तर त्याला अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात, आणि त्याच्या कारणांत ही मज्जेतली चरबीही असते. आदल्या दोन दिवसांत हाडं भयंकर दुखत होती आणि आज धाप लागली, असं असेल तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच गाडी काढायची.

कागदावर नॉर्मल

फसवा आकडा एकटा कोलेस्टेरॉलचा नाही. साखरेचं घ्या. तीन महिन्यांची सरासरी म्हणून जी एचबीएवनसी तपासणी सगळे करून घेतात, ती लाल पेशींवर चिकटलेली साखर मोजते. पेशी तीन महिने जगणार, हे त्यात धरलेलं असतं. सिकलच्या रुग्णाची पेशी जगतेच दोन-तीन आठवडे. तिच्यावर साखर साठायला वेळच मिळत नाही, आकडा खोटाच कमी येतो. अशा माणसाचा मधुमेह उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेवरच ठरवायला हवा.

ब्लडप्रेशरचं तेच. सिकलच्या रुग्णाचं बीपी त्याच्या वयाच्या निरोगी माणसापेक्षा बहुधा कमी असतं. त्यामुळे १३०-१३५ हा आकडा आपल्याला ‘ठीक’ वाटला तरी त्याच्यासाठी तो चढलेला असू शकतो. १२० ते १३९ च्या पट्ट्यातल्या रुग्णांत मूत्रपिंडाच्या आणि फुप्फुसातल्या दाबाच्या तक्रारी जास्त आढळल्या आहेत. क्रिएटिनिनही या रुग्णांत मुळातच कमी असतं, म्हणून ते १ झालं तर छापील हद्दीत बसतं, पण मूत्रपिंड कुरकुरत असतं.

कोलेस्टेरॉलबाबतही उलटी बाजू आहे. वर्षानुवर्षं ११० च्या आसपास असणाऱ्याचं कोलेस्टेरॉल अचानक १९० झालं, तर मशीन एकही खूण करणार नाही. पण लघवीतून प्रथिनं जाऊ लागली किंवा पित्ताचा मार्ग अडला तरी कोलेस्टेरॉल चढतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या सिकलच्या प्रत्येक माणसाला मी एकच सांगते : मागचे रिपोर्ट फेकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत लाल कार्डाबरोबर ठेवा, आणि नवा आकडा स्वतःच्या जुन्या आकड्याशी ताडून डॉक्टरांना दाखवा. निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण त्यांच्या हातात चार वर्षांचे कागद पडले तर त्यांचं काम सोपं होतं.

उपाशी या, पण तहानलेले नको

लिपिडसाठी बारा तास उपाशी या, असं सांगायची पद्धत आहे. आपली माणसं ‘उपाशी’ म्हणजे पाण्याचा घोटही नाही असं समजतात. रात्री आठला जेवलेली, शिफ्ट करून आलेली, सकाळी दहापर्यंत घशाला कोरड पडलेली माणसं मी बाकावर बसलेली बघते. निरोगी माणसाला याचा त्रास नाही. सिकलच्या रुग्णाला आहे. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी जास्त वाकड्या होतात आणि दुखण्याचा झटका येतो. म्हणून उपाशीपोटी तपासणी असली तरी साधं पाणी भरपूर प्यायचं. त्यानं रिपोर्ट बिघडत नाही. आणि खरं तर दर वेळी उपाशी राहायची गरजही नसते. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये एकमतानं सांगितलं की नेहमीच्या लिपिड तपासणीला उपास आवश्यक नाही. ट्रायग्लिसराइड्स फार वर आले तरच उपाशीपोटी पुन्हा बघावेत. आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. निर्जळी एकादशी आणि उन्हाळ्यातली ऊसतोड यांबाबतही सिकलवाल्यांनी भरपूर पाणी पिण्याचा हाच नियम पाळावा.

उपचाराचं म्हणाल तर सिकलमध्ये हृदय सांभाळायचं म्हणजे आधी पेशी फुटणं कमी करायचं. त्याचं मुख्य औषध हायड्रॉक्सियुरिया. जन्मापूर्वी बाळाच्या रक्तात जे हिमोग्लोबिन असतं ते या गोळीनं पुन्हा वाढतं आणि पेशी सहज वाकड्या होत नाहीत. भारतातल्या सिकलमध्ये हे हिमोग्लोबिन मुळातच आफ्रिकी रुग्णांपेक्षा जास्त असतं. तरीही विदर्भात दुखण्यानं लोळणारी, वारंवार भरती होणारी मुलं कमी नाहीत. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी किलोमागे १० मिलिग्रॅम एवढ्या कमी, ठरावीक मात्रेत हे औषध मुलांना देऊन त्याचा चांगला उपयोग होतो हे दाखवलं. गोळी चालू असताना रक्ताचा सीबीसी नियमित बघावा लागतो, कारण तिच्यानं पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरू शकतात. ‘बरं वाटतंय’ म्हणून ती मनानं बंद करणारे खूप भेटतात, आणि दोन महिन्यांनी तेच लोक दुखणं घेऊन परत येतात.

मग कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, स्टॅटिन? ज्यांचं कोलेस्टेरॉल मुळातच कमी त्यांना त्या कशाला, असं वाटेल. पण स्टॅटिन वाहिन्यांची आतली सूजही कमी करतात. २०१७ मध्ये अमेरिकेत १९ रुग्णांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात सिम्व्हास्टॅटिननं दुखण्याचे प्रसंग कमी झाल्याचं दिसलं. एकोणीस माणसांवरून नियम करता येत नाही, त्यामुळे शेजाऱ्याची गोळी घेऊन खायचा मोह टाळावा.

खाण्यातल्या चरबीबद्दल एक चांगला प्रयोग सुदानमधला आहे. २०१३ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात १४० मुलामाणसांपैकी काहींना माशाच्या तेलातले ओमेगा-३ आणि बाकीच्यांना बिनऔषधी कॅप्सूल दिल्या. ओमेगा-३ घेणाऱ्यांत दुखण्याचे झटके कमी झाले. सिकलच्या पेशींच्या आवरणात ही मेदाम्लं कमी असतात, ती भरून निघतात असा त्यामागचा विचार. ‘मग आमची जवसाची चटणी चालंल का ओ?’ असं इकडच्या एका मावशींनी मला लगेच विचारलं. जवसातही ओमेगा-३ असतं, पण ते दुसऱ्या प्रकारचं, आणि शरीर त्यातलं फार थोडं माशातल्यासारखं करून घेतं. चटणी खावी, चवीला आहेच. कॅप्सूलची जागा ती घेत नाही एवढंच.

यात आपल्या देशाचं जुनं दुखणंही मिसळतं. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासात महाराष्ट्रही होता. २०१४ मध्ये छापलेल्या त्याच्या आकड्यांत ७२.३ टक्के लोकांचं एचडीएल कमी आणि २९.५ टक्क्यांचे ट्रायग्लिसराइड्स जास्त निघाले, तर जास्त कोलेस्टेरॉल होतं फक्त १३.९ टक्क्यांत. म्हणजे एचडीएल खाली आणि ट्रायग्लिसराइड्स वर, हा साचा निरोगी म्हणवणाऱ्या आपल्या माणसांचाही आहे. सिकल त्यावर आणखी भर घालतो. कंपनीच्या पोरांचं रोजचं खाणं म्हणजे वडापाव, थंड पेय, रात्री उशिरा मेसचा भात. साखर आणि मैदा कमी केला तर ट्रायग्लिसराइड्स उतरतात. तंबाखूचं तर बोलायलाच नको. आखडलेल्या वाहिन्या ती आणखी आखडवते. पण ‘हृदयासाठी’ म्हणून सिकलच्या माणसानं तेल-तूप पार तोडू नये. त्याला कष्टाचं, पेशी घडवायचं अन्न लागतं.

पिवळ्या कार्डवाल्यांनी हे वाचून घाबरायचं कारण नाही. वाहकाच्या पेशी जवळपास पूर्ण आयुष्य जगतात. त्याचं कोलेस्टेरॉल कमी आलं तर त्याला सिकलचं कारण लावायचं नाही आणि जास्त आलं तर ‘सिकलवाल्यांना हार्टचं होत नाही’ म्हणून सोडायचं नाही. इतरांना लागू असलेला प्रत्येक नियम त्यालाही लागू.

कुरखेड्याच्या त्या मुलानं शेवटी लाल कार्ड डॉक्टरांना दाखवलं. पुण्यात इको झाली, उजव्या बाजूचा दाब किंचित वाढलेला निघाला, हायड्रॉक्सियुरिया सुरू झालं, लघवीतलं प्रथिन आणि बीपी यांच्यावर नजर ठेवायची ठरली. तो अजून कामावर आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे. पुढच्या पिढीत सिकल येऊ नये म्हणून ती हवीच. पण जी पिढी आज लाल कार्ड घेऊन फिरते, ती पूर्वीसारखी लहानपणीच संपत नाही. लसी, पेनिसिलिन, हायड्रॉक्सियुरिया यांनी ती मुलं मोठी होताहेत, नोकऱ्या करताहेत, लग्नं करताहेत, गाव सोडून परजिल्ह्यात राहताहेत. हाडांचं दुखणं त्यांना ओळखीचं आहे. त्याची गोळी त्यांच्या खिशात असते. हृदय, फुप्फुस आणि मूत्रपिंड ही त्यांच्या मोठेपणीची दुखणी आहेत, आणि ती दुखून सांगत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी ओपीडीत गेल्यावर हाडांचं सांगून झालं की उठायच्या आधी एवढं विचारा : ‘डॉक्टर, मला सिकल आहे आणि चढ चढताना धाप लागते. माझं हृदय एकदा तपासून घ्यायचं का?’